मंगळवारचा पाचवा प्रश्न

आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक होणार नाही. माझे यजमान या आजारातून वाचले नाहीत. बरं होऊन घरी आलेल्या माणसांनी लिहिलेलं पुष्कळ वाचायला मिळतं आणि ते वाचून धीर येतो. माझ्याकडे तसा धीर नाही. माझ्याकडे एक चूक आहे. ती आमच्या घरात दर मंगळवारी सकाळी घडत राहिली, आणि ती घडताना आम्ही दोघंही हसत होतो. ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे, आणि ज्यांच्या दवाखान्याची भाषा घरच्या भाषेहून वेगळी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लिहायला फार वेळ लागला. कधी दिवसाला अर्धं पान, कधी नुसती वही उघडून बसणं.

आम्ही सुरतचे, डिंडोलीचे. मूळचे अमळनेरकडचे. मी मराठी शाळेत शिकवत होते. ते लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात मास्तर होते. इथे कारखान्याला खातं म्हणतात, आणि लूम बिघडली की ती चालू करून देणारा, कारागिरांवर नजर ठेवणारा तो मास्तर. शाळेतली मुलं मला बाई म्हणायची, म्हणून हेही मला बाईच म्हणायचे. दारात कुणी "मास्तर आहेत का?" असं विचारलं की मी म्हणायचे, "शिकवते मी, मास्तर ते." आमचा हा विनोद पंचवीस वर्षं चालला आणि तो कधी जुना झाला नाही.

तीस टक्के

साथ येण्याच्या आदल्या वर्षी त्यांना झटका येऊन गेला. त्यांनी तो ॲसिडिटी समजून दीड दिवस अंगावर काढला. हृदयाच्या नळीत जाळी बसवली, पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. डॉक्टरांनी सोनोग्राफीसारखी एक तपासणी केली आणि आम्हाला समोर बसवलं. हृदयाचं पंपिंग कमी झालं आहे, असं ते म्हणाले.

यांनी विचारलं, "किती टक्के चालतंय?"

"तीसच्या आसपास."

हे म्हणाले, "साहेब, तीस टक्क्यावर चालणारी लूम आम्ही बंद करून टाकतो."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आम्ही बंद करत नाही. तिच्याकडून सांभाळून काम घेतो."

त्या दिवसापासून आमच्या घरात एक वेगळी शिस्त आली. मीठ कमी. पाणी मोजून. रोजच्या गोळ्या, त्यातली एक लघवीची, अंगातलं पाणी काढणारी. आणि महिन्यातून एकदा मंगळवारी हृदयाच्या खास ओपीडीत हजेरी. घरी येताना ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "चला, अजून एक महिना लूम चालू." मी हसायचे. मनात काहीतरी थंड सरकून जायचं, पण हसायचे.

ओठ

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीस वर्षं लूमच्या आवाजात काढलेल्या माणसाचे कान अर्धे गेलेले असतात. खात्यात कुणी कुणाचं बोलणं ऐकत नाही. बघतात. समोरच्याचे ओठ वाचतात, हातांनी खुणा करतात. नवी माणसं सहा महिन्यांत शिकतात आणि मग त्यांना ते आपण शिकलोय हेही आठवत नाही.

हेही तसेच. घरी मी पाठमोरी बोलले की "हां, हां" म्हणायचे आणि भलतंच करायचे. समोर उभी राहून बोलले की एक अक्षर चुकायचं नाही. ओपीडीतले डॉक्टर गुजराती बोलायचे, पण हळू, तोंड उघडून. तिथे यांना कधीच काही अडलं नाही. ऐकू कमी येतं हे डॉक्टरांना माहीतही नव्हतं, कारण यांनी ते कधी सांगितलं नाही. मास्तरला ऐकू येत नाही असं कोण सांगतं?

मग साथ आली आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले.

फोन

ओपीडी बंद झाली. आमच्या दवाखान्याचा तो सगळा मजला साथीच्या पेशंटांसाठी घेतला होता. हृदयाचे पेशंट मागच्या लहान इमारतीत हलवले, तेही फक्त झटका आलेले किंवा अगदीच अत्यवस्थ असलेले. बाकीच्यांनी घरी थांबायचं आणि त्यांना फोनवर तपासायचं, असं ठरलं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. या माणसांना तिथे रांगेत बसवलं असतं तर काय झालं असतं, तेही आम्ही आजूबाजूला पाहत होतो.

फोन करायच्या त्या हेतलबेन. ओपीडीतल्या सिस्टर. त्यांना आता साथीच्या वॉर्डात ड्यूटी होती आणि ड्यूटी संपल्यावर जिन्यात बसून त्या आमच्यासारख्या पेशंटांना फोन लावायच्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त त्यांचा दमलेला, गोड आवाज कळायचा आणि मागे कुणाच्या तरी चपला वाजायच्या.

दर मंगळवारी नऊच्या सुमारास. मी फोन स्पीकरवर टाकून यांच्यापुढे धरायची आणि प्रत्येक प्रश्न समोरून पुन्हा म्हणायची, ओठ दिसतील असा. हे खुर्चीत ताठ बसायचे, मुलाखतीला बसल्यासारखे.

"केम छो, काका?"

"एकदम फर्स्ट क्लास!"

मग पाच प्रश्न. नेहमी तेच, त्याच क्रमाने. वजन केटलुं? पगे सोजा छे, म्हणजे पायाला सूज आहे का? ओशीकां केटलां लो छो, म्हणजे उशा किती घेता? गोळी बराबर लो छो ने? आणि शेवटचा, "गभरामण थाय छे?"

पहिल्या मंगळवारी हा पाचवा प्रश्न आला तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मग खात्यात बोलायचे तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "ना बेन! हमको किसी की गभरामण नहीं! अपन किसी से डरनेवाले नहीं!"

पलीकडून हेतलबेनही हसल्या. "बहु सरस, काका."

मीही हसले. मला तो प्रश्न फार आवडला होता. सगळं शहर घाबरलेलं असताना कुणीतरी दवाखान्यातून फोन करून विचारतंय, काका, भीती वाटते का? मनाचीही चौकशी करतात, असं मी शाळेतल्या सहकारी बाईंना फोनवर कौतुकाने सांगितलं. त्या चाळीसगावच्या. त्याही म्हणाल्या, हो, चांगली माणसं आहेत.

मी भाषा शिकवणारी बाई. पंचवीस वर्षं सुरतेत राहून भाजीवालीशी, रिक्षावाल्याशी, बँकेत गुजराती बोलत होते. पण कुणाच्या आजारपणात मी गुजराती बोलले नव्हते. ताप, खोकला, पोट यांपलीकडचे शब्द मला कधी लागलेच नव्हते.

खरी उत्तरं

आम्ही खोटं बोललो नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे.

उशा किती? दोन. दोनच होत्या. त्या दोन उशांखाली हळूहळू एक गोधडी घडी होऊन आली, मग तिच्यावर दुसरी, पण गोधड्यांचं कुणी विचारलं नव्हतं.

वजन आम्ही कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे करायचो, साखरेची पोती मोजायच्या काट्यावर. हे त्यावर चढले की दुकानदार दारातूनच ओरडायचा, "मास्तर, अठ्ठावन्न! भाव काय लावू?" रांगेतली माणसं हसायची. पुढे साठ झालं. हे खूश झाले. हेतलबेनना म्हणाले, "बाई घर पे है ना, रोज नया-नया बनाती है." त्या दिवसांत सगळ्यांचीच वजनं वाढत होती. हेतलबेननी तरीही डॉक्टरांना विचारलं आणि लघवीची गोळी अर्धी वाढवून दिली. वर बजावून सांगितलं, "काका, गभरामण थाय तो तरत आवजो. राह न जोता."

घाबरल्यासारखं झालं तर लगेच या, वाट बघू नका. आम्हाला ऐकू आलं ते हे.

फोन ठेवल्यावर हे गावाकडच्या बोलीत म्हणाले, "आते घाबरना म्हनीसन दवाखानामा जावानं का? लोके काय म्हनतीन?"

आणि एक शांतता. लूम बंद पडल्या होत्या. आमच्या भागात रात्रंदिवस कुठून ना कुठून खडखडाट येतो, भिंतीला हात लावला तर हाताला कळतो. तो थांबला. कारागीर गावाकडे निघून गेले. यांना झोप येईना. मी विचारलं तर म्हणाले, "खातं बंद शे ना. आवाज नही तर झोप कशी लागई?" मला ते पटलं. इतकं पटलं की मी ते माझ्या वहीत लिहूनही ठेवलं, एक सुंदर वाक्य म्हणून.

ते आता दुपारीही खुर्चीतच झोपायचे, पाय खाली सोडून. पंखा पाचवर. मी मुलांनी फोनवर पाठवलेली वह्यांची पानं तपासत बसलेली असायची, आणि कधीकधी पंख्याच्या आवाजाखाली मला दुसरा एक आवाज ऐकू यायचा. ओल्या फडक्यातून वारा जावा तसा. मी मान वर केली की त्यांनी डोळे उघडलेले असायचे.

"काय होतंय?"

"काहीच नही. तू तुन्हं काम कर, बाई."

मी मान खाली घालायची.

धाकटा भाऊ

दीर सुभाष कामरेजला राहतात. त्यांचा टेम्पो आहे. ते दर चार दिवसांनी भाजी घेऊन यायचे आणि दाराबाहेर उभे राहून बोलायचे. ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी भावाला पायऱ्यांवर पाहिलं. हे फक्त दूध घ्यायला खाली उतरले होते आणि पाचव्या पायरीवर कठड्याला धरून उभे होते.

मी सुभाषभाऊंना हळूच म्हणाले, "एकदा दवाखान्यात दाखवून आणू का?"

ते एकदम चिडले, मास्क हनुवटीवर ओढून बोलू लागले. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? तिकडे चालत गेलेली माणसं गाठोड्यात परत येतात. आमच्या गल्लीतले दोन गेले. पाय सुजले म्हणून कुणी मरत नाही. तिथे नेलं तर मात्र मरेल."

"फोनवर सिस्टर विचारतात, तेव्हा हे काहीच सांगत नाहीत."

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं. दादा लहान आहे का?"

हे वर आले. दोघांच्या मध्ये उभे राहिले, दोघांचे ओठ पाहिले, आणि त्यांना सगळं कळलं. म्हणाले, "भांडू नका. मी बरा शे." हे एवढं म्हणताना मध्ये दोनदा थांबले.

पुढच्या मंगळवारी पाच प्रश्न आले. पाचव्याला यांनी "ना" एवढंच म्हटलं. विनोद केला नाही. हेतलबेन घाईत होत्या, मागे कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. "सरस, काका," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

हे फोनकडे पाहत राहिले. मला तेव्हा वाटलं, आज यांना थट्टा करायचा मूड नाही.

फाटक

शुक्रवारी सकाळी ते खुर्चीतून उठू शकले नाहीत. ओठ जांभळट दिसत होते. मी सुभाषभाऊंना फोन केला. या वेळी ते लगेच निघाले. टेम्पो घेऊन आले. पुढच्या सीटवर यांना बसवलं, मी मागे, भाजीच्या रिकाम्या क्रेटमध्ये पाय अडकवून.

दवाखान्याच्या फाटकावर तंबू होता. रांग होती. एक गार्ड होता आणि एक मुलगी, नखशिखांत पांढऱ्या किटमध्ये, प्रत्येकाला काय होतंय ते विचारून दोन बाजूंना पाठवत होती. ताप, खोकला असेल तर डावीकडे. बाकीच्यांनी थांबायचं.

मी म्हणाले, "हृदयाचे पेशंट आहेत. पायाला सूज आहे. थकवा आहे."

"बेसो, बेन. वारो आवशे."

आम्ही आमच्या पाळीची वाट बघत कट्ट्यावर बसलो. आमच्या मागोमाग एक गुजराती बाई आली, तिच्या नवऱ्याला दोघांनी धरलं होतं. ती गार्डसमोर गेली. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, तोंड उघडलं, आणि श्वास मिळत नसल्यासारखं आत ओढून दाखवलं. म्हणाली, "एमने बहु गभरामण थाय छे. सुवातुं ज नथी. बेठा ने बेठा छे."

किटमधली मुलगी धावली. अर्ध्या मिनिटात व्हीलचेअर आली.

मी त्या बाईच्या हाताकडे पाहत होते. छातीवरच्या. तिच्या चेहऱ्यावर भीती होतीच, पण ती भीतीबद्दल बोलत नव्हती. ती श्वासाबद्दल बोलत होती. जीव कोंडतो, छातीत कासावीस होतं, आडवं पडवत नाही, ते सगळं तिने एका शब्दात सांगितलं होतं. तो शब्द दर मंगळवारी आमच्या घरात येत होता आणि आम्ही त्याला हसून परत पाठवत होतो.

मी उठले. त्या मुलीचा हात धरला, साथीच्या दिवसांत, किटवरून. आणि ओरडले, "एमने पण! एमने पण गभरामण छे! त्रण महिनाथी!"

तिने यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "त्रण महिनाथी? तो बोल्यां केम नहीं?"

तीन महिने बोलला का नाहीत, असं ती विचारत होती. दुसरी व्हीलचेअर आली होती.

सदऱ्याला लावलेलं पान

आत नातेवाइकाला जाऊ देत नव्हते. आधी साथीची तपासणी, तिचा रिपोर्ट येईपर्यंत वेगळ्या खोलीत, मग हृदयाच्या इमारतीत. मी पर्समधल्या वहीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात, मराठीत आणि खाली गुजरातीत, लिहिलं, "मला कमी ऐकू येतं. ओठ दिसले तर कळतं. मास्कमुळे ओठ दिसत नाहीत. कृपया लिहून दाखवा. मराठी आणि गुजराती वाचता येतं." ते पान त्यांच्या सदऱ्याला पिनेने लावलं. शाळेत पहिलीच्या मुलांना नावाची पट्टी लावतो तसं.

हे खाली वाकून वाचू लागले. चेहरा पडला. "बाई, हे लिहानं का?"

"असू द्या."

"सगळासले कळई."

"कळू द्या."

व्हीलचेअर वळली. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, त्यांना मान वळवणंच जमत नव्हतं. सुभाषभाऊ टेम्पोच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. म्हणाले, "वहिनी, मी तुम्हाला अडवलं." मी त्यांना नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. आम्ही दोघं फाटकासमोरच्या झाडाखाली संध्याकाळपर्यंत बसलो.

चार वाजता

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, साथ नव्हती. त्यांना हृदयाच्या वॉर्डात नेलं. तिथे नातेवाइकांसाठी दुपारी चारला व्हिडिओ कॉल लावून द्यायचे. लावणारा डॉक्टर विशीतला, धुळ्याचा निघाला. सुरतेत शिकायला आलेला. माझं पान वाचून त्याने यांच्या खाटेला एक कोरी वही बांधली होती आणि तो स्केचपेनने प्रश्न लिहायचा. सगळ्या दवाखान्यात त्याला एवढा वेळ कसा मिळत होता, मला माहीत नाही.

तो म्हणाला, "काकू, फुप्फुसात पुष्कळ पाणी आहे. निघतंय. पण उशीर झालाय, हे तुम्हाला सांगायला हवं."

मग त्याने फोन यांच्याकडे फिरवला. तोंडावर ऑक्सिजन. डोळे ओळखीचे. मी बोलू लागले, पण त्यांना एवढ्याशा पडद्यावर माझे ओठ वाचता येईनात. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग मी उठले, एक जुनी वही घेतली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहून कॅमेऱ्यासमोर धरू लागले.

पहिल्या पानावर लिहिलं, "जेवलात का?"

त्यांनी हात हलवला. थोडं.

दुसऱ्यावर जे लिहायचं ते यांना सांगावं की नाही, हे मी रात्रभर ठरवत होते. कधी वाटत होतं, कशाला सांगायचं, आता त्याचा काय उपयोग. पण आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईने दाखवत आले. ही माझी स्वतःची चूक, ती मी यांच्यापासून लपवली असती तर पुढे मला कुणाच्याच वहीला हात लावता आला नसता. मी लिहिलं, "हेतलबेन भीतीचं विचारत नव्हत्या. गभरामण म्हणजे जीव कोंडणं. श्वास न पुरणं."

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यांनी हात वर करून तोंडावरचा ऑक्सिजन खाली ओढला. डॉक्टर "नाही, काका" म्हणत पुढे आला, पण त्यांनी त्याला थांबायची खूण केली, खात्यातली, तळहात सरळ धरून.

"मंग माले दोन्ही व्हतं, बाई," ते म्हणाले.

डॉक्टरने मास्क परत बसवला. मी हात पुढे केला, पडद्यालाच लागला.

दोन्ही होतं. म्हणजे त्या शब्दाचा आम्ही लावलेला अर्थ जरी खरा असता, तरी त्यांचं "ना" खोटंच होतं. दर मंगळवारी ते माझ्याकडे पाहून हसत होते आणि घाबरलेले होते. मी फोन हातात धरून त्यांच्या समोर बसले होते, हातभर अंतरावर. ते सगळ्यांचे ओठ वाचायचे. त्यांचे कुणी वाचले नाहीत.

सोमवारी पहाटे हृदय बंद पडलं. रिपोर्टमध्ये साथ नव्हती म्हणून त्यांना आमच्या ताब्यात दिलं, चेहरा उघडा ठेवून. त्या महिन्यात एवढं मिळणं हीसुद्धा दया होती आणि ती मला कळत होती.

हेतलबेन

तीन आठवड्यांनी हेतलबेन घरी आल्या. मी त्यांना ओळखलं नाही, ओपीडीच्या गर्दीत कधी नीट पाहिलंच नव्हतं. आवाजावरून ओळखलं. पंचविशीच्या असतील. मास्कच्या दोऱ्यांनी कानामागे जखमा झाल्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या, म्हणून आम्ही दाराबाहेरच्या पायरीवर बसलो, मध्ये एक पायरी सोडून.

त्यांच्या हातात यांच्या फाइलचा कागद होता. एका रकान्यात आठवड्यामागून आठवडे त्यांच्या अक्षरात "ना, ना, ना" लिहिलेलं. धुळ्याच्या डॉक्टरने त्यांना सगळं सांगितलं होतं.

"काकी, मैं तो हर बार पूछती थी," त्या म्हणाल्या. "हर बार."

"हो. मी ऐकत होते."

"काका हँसते थे तो मुझे लगा, जो हँसता है उसको क्या गभरामण होगी."

त्या रडल्या नाहीत. मीही नाही. खालून कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. त्यांनी पेन काढलं. म्हणाल्या, यादीत अजून पुष्कळ मराठी पेशंट आहेत. डिंडोलीचे, उधन्याचे. तुमच्या भाषेत कसं विचारायचं ते मला लिहून द्या. मी तसंच विचारीन.

मी पेन घेतलं. दम लागतो का. धाप लागते का. जीव कासावीस होतो का. कोंडल्यासारखं होतं का. चार वाक्यं लिहिली, खाली गुजराती अक्षरांत पुन्हा लिहिली. मग ती वाचताना मला एकेकाला मिळणारं उत्तर ऐकू येऊ लागलं. ना बेन. एकदम फर्स्ट क्लास. शब्द बरोबर असला तरी आमची माणसं तेच म्हणणार. बायको समोर बसलेली असते. भाऊ दारात उभा असतो.

मी चारही वाक्यांवर रेघ मारली. हेतलबेन माझ्याकडे पाहू लागल्या.

"विचारू नका," मी म्हणाले. "घरात जो कुणी असेल त्याला सांगा, फोन पेशंटच्या छातीजवळ ठेवा आणि त्यांना उशी न घेता आडवं पडायला सांगा. दोनच मिनिटं. तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका. नुसतं ऐका."